अमुलखभाईंची तहान

वढवाणच्या मोठ्या देरासरामागे, म्हणजे जैन मंदिरामागे, साधूंच्या मुक्कामाचा उपाश्रय आहे आणि उपाश्रयाच्या मागच्या अंगाला पाणीखोली. तिथं अमुलखभाई कोठारी रोज पहाटे पाणी उकळत. ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नव्हतं. पाणी आधी दुहेरी फडक्यातून गाळायचं. फडक्यात जे अडकलं असेल, मग ते डोळ्यांना दिसो न दिसो, ते जपून परत विहिरीत सोडायचं. मग देग चुलीवर. एक उकळी आली की पाणी उकळलं असं जग मानतं. उपाश्रय तीन उकळ्यांशिवाय मानत नाही. मग ते ओळीनं मांडलेल्या पितळी परातींत ओतायचं, वर जाळी टाकायची, आणि साधू-साध्वी नि व्रतस्थ मंडळी घडे घेऊन येईपर्यंत ते निवलंय ना हे पाहायचं. बरं, एवढं करूनही ते कायमचं शुद्ध राहत नाही. पावसाळ्यात तीन प्रहर, थंडीत चार. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून.

गावातला जिनिंगचा कारखाना बंद पडला तेव्हा जैन संघानं त्यांना या कामावर ठेवलं. त्यालाही आता एवढी वर्षं लोटली होती की नव्या पिढीला ते 'पाणीवाले काका' म्हणूनच माहीत होते. कोणाच्या घरून केवढं भांडं येतं ते त्यांना पाठ होतं, आणि भांड्याच्या आकारावरून माणसाचा संयम मोजायची त्यांना सवय लागली होती. ट्रस्टी दलीचंद शेठकडून दोन कळशा येत.

"घरात माणसं तीन आणि कळशा दोन," कळशी भरता भरता अमुलखभाई पुटपुटत. "पितात की पोहतात?"

त्यांचं स्वतःचं चार लोट्यांत भागे. नवकारशीला, म्हणजे सूर्य उगवून दोन घटका झाल्या की, पहिला. जेवताना दुसरा; त्यातही अर्धा लोटा ताटात ओतून, बोटानं ताट स्वच्छ फिरवून, ते धुवण पिऊन टाकायचं, म्हणजे कण वाया जात नाही आणि उष्ट्यात जीवही पडत नाहीत. तिसरा दुपारी, चौथा सूर्यास्ताच्या आधी. त्यानंतर चौविहार: अन्न, पाणी, फळ, मुखवास, चारही बंद, ते दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत. हा चौविहार त्यांनी लग्नाच्या दिवशी घेतला आणि एक रात्रही मोडला नाही. पच्चक्खाण, म्हणजे असा त्यागाचा नेम, जोडीनं घ्यायची पद्धत, म्हणून लाभुबेननीही घेतला. त्यांना कोणी विचारल्याचं कोणाला आठवत नाही.

चातुर्मासात व्याख्यान संपलं की दलीचंद शेठ उभे राहत आणि संघाला सांगत, "तप करायला डोंगर चढावा लागतो असं नाही. आपला अमुलख बघा. पाण्याच्या मधोमध बसलाय आणि चार लोट्यांवर राहतो!" सगळ्या माना मागं वळत. अमुलखभाई खांबाला टेकून खाली बघत आणि आपल्याकडे सगळे बघताहेत ना, याची कानांनी खात्री करून घेत. शेठ मंडळी बोली लावून पहिल्या आरतीचा मान विकत घेत. अमुलखभाईंकडे हे चार लोटे होते.

नवरात्र संपलं त्याच आठवड्यात, परात उचलताना त्यांच्या पाठीतून अशी कळ निघाली की परात एका बाजूला आणि ते एका बाजूला. समोरच्या चौकात जीलुभा दरबारची रिक्षा उभी होती. जीलुभानं त्यांना अक्षरशः काखोटीला मारून रिक्षात घातलं.

"काका, काय उचलायला गेला होतात?"

"पाणी."

"पाण्यानं कधी कोणाची कंबर धरली नाही," जीलुभा म्हणाला. "हा मुतखडा आहे. माझ्या मेव्हण्यानं असाच आवाज काढला होता."

डॉक्टर सौमिल अजमेरा गावातलेच, त्यांची आजी रोज उपाश्रयातून पाणी नेणारी. त्यांनी सोनोग्राफी केली, पडद्यावर बोट ठेवलं आणि जीलुभाचंच निदान जरा मोठ्या शब्दांत सांगितलं. खडा मुगाच्या दाण्याएवढा, मूत्रनळीत अडकलेला.

"पाण्यातल्या चुन्यानं झाला असणार," अमुलखभाई कण्हत म्हणाले. "आमच्या देगेला बघा, दर दिवाळीला छिन्नीनं खरवडावी लागते."

"देगेचं वेगळं, तुमचं वेगळं. दिवसाला पाणी किती पिता?"

अमुलखभाईंची कळ क्षणभर थांबली. एवढ्या शिकलेल्या माणसानं हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच विचारला होता.

"चार लोटे," ते म्हणाले, आणि दाद येईल म्हणून थांबले.

"एका वेळेला?"

"दिवसाला."

"लोटा केवढा?"

अमुलखभाईंनी दोन्ही हातांनी लोटा दाखवला. लाभुबेन शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचे हात धरून एकमेकांच्या जवळ आणले, तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून आणखी थोडे आणले.

"यात माझी आजी नस्याचं तूप ठेवते," डॉक्टर म्हणाले. "काका, तुम्हाला साधारण तीन लिटर लागेल. सगळ्यांनाच एवढं लागतं असं नाही. कोणाला कमी पुरतं, उन्हातान्हात राबणाऱ्याला जास्त लागतं. पण तुमच्या पोटात खडा बसलाय. लघवीचा रंग बघायचा, पाण्यासारखी दिसली पाहिजे. आणि एकदम ढोसायचं नाही, त्यानं उलट त्रास होतो. दिवसभर थोडं थोडं. झोपताना एक पेला. रात्री उठलात की एक पेला."

"रात्री?" नवरा-बायको एकदम म्हणाले.

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. "चौविहार."

"लग्नाच्या दिवसापासून," अमुलखभाई म्हणाले.

"मग दिवसाउजेडी बसवा सगळं. देवदिवाळीपर्यंत वाट बघू. तोवर पडला तर उत्तम. नाही पडला तर राजकोटला जाऊन दुर्बिणीनं काढावा लागेल."

"तिथं रात्रीचं राहावं लागतं?"

"एखाद-दोन रात्री. सलाईन असतं ना."

"ते रात्री बंद ठेवतात?"

"सलाईनला दिवस-रात्र कळत नाही, काका."

अमुलखभाईंचा चेहरा सोनोग्राफीच्या पडद्यासारखा करडा झाला. चाकूसुरीची भीती त्यांना होतीच, पण ती चारचौघांसारखी. सूर्य मावळल्यावर आपल्या शिरेत टपटप पाणी पडतंय आणि आपण नुसते पडून बघतोय, हे चित्र मात्र त्यांना सोसेना. लग्नाच्या दिवसापासून राखलेली गोष्ट एका उलट्या टांगलेल्या बाटलीपायी जाणार.

"आणि खडा पडेल तेव्हा वाहून घालवू नका," डॉक्टर दारापर्यंत सांगत आले. "तपासायला हवा. फडक्यातून गाळून घ्या."

"गाळण्याचं त्यांना शिकवायला नको," लाभुबेन म्हणाल्या. "आजवर आत जाणारं गाळलं, आता बाहेर येणारं गाळतील."

संध्याकाळपर्यंत बातमी उपाश्रयाच्या ओट्यावर पोचली आणि तिथं तिचा शास्त्रार्थ झाला. शिरेतून जाणारं पाणी हा आहार की औषध? तोंडातून गेलं नाही तो आहारच नव्हे, असं एकाचं मत पडलं. मग नाकातून नळी घातली तर, असं दुसऱ्यानं विचारलं. दलीचंद शेठ म्हणाले की सलाईनमध्ये मीठ असतं, तेव्हा ते पाणी नसून पातळ मीठ धरावं. शेवटी सगळे चातुर्मासाला तिथं मुक्कामी असलेल्या साधूंकडे, मोठ्या महाराजसाहेबांकडे, गेले. महाराजसाहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"आधी खडा पडतो का बघा," ते म्हणाले. मग अमुलखभाईंकडे वळले. "तिविहार का घेत नाहीस? तीन सोडायचे, रात्री पाणी मोकळं. आजाऱ्यासाठी नि म्हाताऱ्यासाठीच ठेवलाय तो. मी काल शोधून काढलेला नाही."

"वय झालं की घेईन, साहेब."

"आता किती झालं?"

अमुलखभाई अडुसष्ट वर्षांचे होते. ते म्हणाले, "बघू."

आणि मोहीम सुरू झाली.

सुरतेला हिऱ्यांच्या कचेरीत असणाऱ्या जिगरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, कुरियरनं एक बाटली पाठवली. बाटलीवर तासातासाच्या रेघा होत्या. पहिली रेघ सकाळी सहाची, शेवटची रात्री नऊची. ज्यांच्याकडे सूर्य मावळतच नाही अशा लोकांनी ती बनवलेली दिसत होती. लाभुबेननी तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि नव्या रेघा ओढल्या: नवकारशी, व्याख्यान, जेवण, झोप, पाणीखोली, सूर्यास्त. सहा रेघांत सगळं बसलं. अशा दोन बाटल्या रिकाम्या केल्या की तीन लिटर.

बाटलीत सगळं बसलं, दिवसात बसेना. नवकारशीला बाटली तोंडाला लावावी, तर पुढं देरासरात पूजा. पूजेचे कपडे अंगावर असताना लघवीला जाऊन आलं की कपडे गेले. पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं. पहिल्या दिवशी अमुलखभाईंनी तीनदा आंघोळ केली आणि पूजा एकदाही पुरी झाली नाही. तेव्हा ठरलं, पाणी पूजेनंतर. पूजेनंतर व्याख्यान, भरल्या सभेतून महाराजसाहेबांसमोरून उठून जायचं कसं? तेव्हा पाणी व्याख्यानानंतर. व्याख्यानानंतर घडे भरायची झुंबड, त्यात लोक बघत असत. ज्या माणसानं कालपर्यंत आपल्या कळशीकडे भुवया उंचावून पाहिलं, तो आज खांबाआड उभा राहून घटाघटा पाणी पितोय, हे दृश्य लोकांना व्याख्यानापेक्षा बोधप्रद वाटू लागलं.

"काका, चार झाले का चाळीस?" एखादी सून घडा पुढं करत विचारी.

"तू घडा धर नीट," अमुलखभाई म्हणत.

असं सरकत सरकत सगळं पाणी दिवसाच्या शेपटाला येई. त्यात थंडी पडू लागलेली. दिवस रोज थोडा आखडायचा. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास लाभुबेन दोन पेले घेऊन उभ्या राहत आणि अमुलखभाई पश्चिमेकडे तोंड करून, एक डोळा सूर्यावर ठेवून, एकामागून एक रिकामे करत.

"डॉक्टरांनी सांगितलंय, ढोसायचं नाही," लाभुबेन म्हणत.

"डॉक्टरांना सांग, सूर्याला थांबव."

ताटाचं धुवण तीन लिटरांत धरायचं की नाही यावरही घरात वाद झाला. अमुलखभाईंचं म्हणणं, पाणी ते पाणी. लाभुबेनचं म्हणणं, त्यात डाळ असते. शेवटी अर्धं धरायचं ठरलं.

गावानं आपापली मतं दिली. दलीचंद शेठचे थोरले बंधू म्हणाले, तहान लागेल तेवढंच प्यावं, गाय काय लिटर मोजते? वैद्यांनी गोखरूचा काढा दिला. फोनवरून आलेल्या एका चित्रफितीत कोणी गोरा माणूस सांगत होता की आठ पेले ही निव्वळ अफवा आहे. दुसऱ्या चित्रफितीत दुसरा गोरा माणूस बारा सांगत होता. जीलुभा एकदा रिक्षा आडवी घालून, आजूबाजूला बघत, हळूच म्हणाला, "काका, माझ्या मेव्हण्याचा खडा कशानं पडला सांगू? दीवला गेला, दोन दिवस बिअर प्याला, तिसऱ्या दिवशी मोकळा."

"जीलुभा, मी उकळलेल्या पाण्याखेरीज काही पीत नाही."

"मग उकळून घ्या," जीलुभा म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात साध्वीजींचे घडे अर्धे भरून परत गेले. अशी गोष्ट पाणीखोलीत कधी घडली नव्हती. दलीचंद शेठ स्वतः चौकशीला आले. परातींखाली वाकून पाहिलं, नळ फिरवून पाहिला.

"अमुलख, पाणी जातंय कुठं?"

"पोटात, शेठ."

"कोणाच्या?"

अमुलखभाईंनी हातातली बाटली दाखवली. शेठनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग अमुलखभाईंच्या पोटाकडे. दुसऱ्या दिवसापासून पाणीखोलीत एक देग जास्त चढू लागली, आणि त्या रविवारी शेठनी व्याख्यानानंतर पूर्वीच्या काळच्या श्रावकांचे दाखले दिले. अमुलखभाई खांबाला टेकून खालीच बघत होते, पण या वेळी माना वळल्या नाहीत.

तेही सोसलं असतं. खरी अडचण सूर्यास्तानंतरची. सूर्यास्ताला दोन पेले पोटात ढकलून ते प्रतिक्रमणाला बसत. दिवसभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागायची, आसनावरून उठायचं नाही, दिवा लावायचा नाही. किमान दोन घटका अंधारात स्थिर, या बैठकीला सामायिक म्हणतात. एवढं पाणी पिऊन आपण दोन घटका बसणार आहोत हे गणित कोणीतरी आधी मांडून पाहायला हवं होतं. पहिल्याच आठवड्यात ते मधेच उठले. उठले म्हणजे सामायिक मोडलं. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पुन्हा करताना पुन्हा तेच. त्या दिवशी ते घरी पोचले तेव्हा लाभुबेन दारात उभ्या होत्या.

"एवढा उशीर? एवढ्या काय चुका केल्यात दिवसभरात?"

"एकच," अमुलखभाई म्हणाले. "पाणी."

आणि एवढं होऊन खडा जागचा हलला नव्हता. मधूनच कळ यायची, जायची. फडकं रोज कोरं.

कार्तिकातली, चातुर्मास संपवणारी चौमासी चौदस आली. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे तिकडची देवदिवाळी, म्हणजेच डॉक्टरांची मुदत संपली. राजकोटला जायची पिशवी लाभुबेननी भरून ठेवली होती. तिच्यात दोन लेंगे, टॉवेल आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास.

"थर्मास कशाला?" अमुलखभाईंनी विचारलं.

"तिथं दिवसा तरी आपलं पाणी प्या. रात्री आहेच त्यांचं."

अमुलखभाईंनी त्या दिवशी पौषध घेतला. एक दिवस-रात्र साधूसारखं उपाश्रयातच राहायचं, उपवास करायचा, दिवसा फक्त उकळलेलं पाणी. पौषध असल्यानं पूजेचं, जेवणाचं, झोपेचं काही मधे आलं नाही. त्यांनी सकाळपासून पाणी एकसारखं, थोडं थोडं, डॉक्टरांच्या मनासारखं प्यायलं. महिनाभरात असा हा पहिलाच दिवस. दुपारी कळा सुरू झाल्या, आणि या वेळी पाठीतून उतरून पुढं आल्या.

सूर्यास्ताला त्यांनी शेवटचा पेला संपवला आणि मुठी वळून चौविहाराचं पच्चक्खाण घेतलं. मग सगळा संघ चौमासी प्रतिक्रमणाला बसला. चार महिन्यांच्या चुका एकदम, त्यामुळे ते रोजच्यापेक्षा कितीतरी लांब. अंधार, दाटीवाटीनं आसनं, आणि अमुलखभाईंच्या एका बाजूला भिंत तर दुसऱ्या बाजूला दलीचंद शेठ.

या प्रतिक्रमणात वेगवेगळी सूत्रं म्हणायचा मान वेगवेगळ्या शेठांनी बोलीत घेतलेला असे. शेवटचं लांबलचक स्तोत्र मात्र कोणी घेत नसे, म्हणून ते वर्षानुवर्षं अमुलखभाईंकडे होतं. स्तोत्र ते संथ, आळवून म्हणत. प्रत्येक कडव्याला लोकांना घर दिसू लागे आणि पुन्हा दिसेनासं होई. त्या रात्री त्यांनी पहिलं कडवं सुरू केलं आणि संघ दचकला. शब्द तेच होते, एकही गळला नव्हता, पण ते मेलगाडीसारखे धाडधाड जात होते. मधे श्वास घ्यायला ते थांबले तो श्वास नव्हता, कण्हणं होतं.

"आज गाडी वेळेआधी पोचतेय," दलीचंद शेठ कुजबुजले, आणि लगेच स्वतःशीच क्षमा मागितली.

प्रतिक्रमण पुरं झालं. अमुलखभाई उठले. पण पौषधात उठलं म्हणजे पळता येत नाही. लघुशंकेला जायचं ते उपाश्रयातली अल्युमिनियमची कुंडी घेऊन मागच्या ओसरीवर, आणि अंधारात पायाखाली जीव येऊ नये म्हणून लोकरीच्या लांब दांड्याच्या कुंच्यानं पुढची जमीन हलकेच झाडत, मगच पाऊल टाकत. अमुलखभाईंनी झाडलं, पाऊल टाकलं. झाडलं, पाऊल टाकलं. पोटात पूर आलेला, ओटीपोटात सुरी, आणि समोर आख्खी ओसरी. त्यांनी एकही पाऊल न झाडता टाकलं नाही. मुंग्यांनी त्या रात्री ओसरीवर असायला हवं होतं. निदान कोणी आपल्यासाठी एवढं सोसलं हे त्यांना कळलं असतं.

उपाश्रयात सगळे आपापली आसनं गुंडाळत होते. दिवा नाही, आवाज नाही. मागच्या ओसरीवरून पाण्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला. आणि मग त्यात स्पष्ट, एकच, 'टण्‌' असा आवाज झाला.

सगळे जिथल्या तिथं थांबले.

"अमुलख," अंधारातून दलीचंद शेठनी हाक मारली, "पडला का?"

"पडला, शेठ!"

हसू कोणी सुरू केलं ते अंधारात कळलं नाही. पण ते भिंतीभिंतीनं फिरलं, शेठांच्या पोटात शिरलं आणि थेट पाटापर्यंत गेलं. मोठे महाराजसाहेब म्हणाले, "पौषधात हसू नये." त्यांचाही आवाज नीट नव्हता. अमुलखभाईंनी ओसरीवर बसून कुंडीतलं फडक्यातून गाळलं, बाकीचं विधीप्रमाणे कोरड्या जमिनीवर सोडलं, आणि फडक्याची गाठ मारली. आयुष्यभर फडक्यात अडकलेलं सगळं त्यांनी विहिरीत परत सोडलं होतं. हे एवढं ठेवून घेतलं.

देवदिवाळीला सुपारीच्या डबीतून खडा डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला.

"छान. आता तीन लिटर चालू ठेवा."

"खडा पडला की!"

"दुसरा होऊ नये म्हणून. जन्मभर."

पौर्णिमा सरली. चार महिने बंद असलेला भाजीपाला सुटला, आणि लाभुबेन ओसरीवर पहिली मेथी निवडायला बसल्या. राजकोटची पिशवी रिकामी होऊन खुंटीला लटकत होती. चौविहार वाचला होता. शेठनी पहाटेच येऊन पुढच्या व्याख्यानात सांगायला सगळी हकिकत पुन्हा ऐकून घेतली होती. एवढं सगळं मनासारखं झालेला माणूस बायकोसमोर तोंड पाडून बसला होता.

"लाभू, दोन रात्री झाल्या, मला तहान लागते."

"लागते म्हणजे?"

"म्हणजे घसा कोरडा पडतो. झोप येत नाही. डोळ्यांपुढे परात दिसते, आपली ती खिडकीजवळची, काठोकाठ भरलेली. महिनाभर पाण्याची सवय झाली ना. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं." ते थांबले. "तुला होतं का कधी असं?"

"रोज," लाभुबेन म्हणाल्या आणि मेथीची काडी मोडली.

"रोज म्हणजे?"

"लग्नाच्या दिवसापासून. वरात उशिरा आली होती, आठवतं? जेवणं व्हायच्या आत सूर्य मावळला. तुम्ही म्हणालात 'आता उद्या', आणि घोरायला लागलात. मी उजाडायची वाट बघत बसले."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी? तुमचं चार लोट्यांत भागायचं, शेठ तुमचं नाव घ्यायचे. तिथं माझी तहान घेऊन मी कुठं उभी राहणार होते, जिगरचे बापूजी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, मेथीत माती फार आहे, या सुरातच त्या बोलत होत्या.

अमुलखभाईंनी मेथीची एक जुडी आपल्या पुढ्यात ओढली. आजवर ते रात्रीची तहान सोडत आले होते, असा त्यांचा समज. ती त्यांना लागतच नव्हती. ज्या वस्तूवर आपला कधी हक्कच नव्हता ती त्यांनी इतकी वर्षं संघासमोर दान केली होती. आणि जिच्याकडे ती होती, ती पलीकडच्या गादीवर गप्प पडून होती.

महाराजसाहेबांचा दुसऱ्या दिवशी विहार होता, ते पुढच्या गावी जाणार होते. सूर्यास्ताच्या आधी अमुलखभाई लाभुबेनना घेऊन उपाश्रयात गेले. महाराजसाहेबांनी सवयीनं हात वर केला.

"चौविहार?"

"तिविहार, साहेब. जोडीनं."

लाभुबेननी नवऱ्याकडे पाहिलं. दलीचंद शेठ पाटाशीच बसले होते, त्यांनीही पाहिलं. एवढा हातातोंडाशी आलेला दाखला त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा निसटत होता.

"वय झालं वाटतं," महाराजसाहेब म्हणाले.

"झालं, साहेब. परवा रात्री."

त्या दिवशी निजण्याआधी अमुलखभाईंनी उकळलेल्या पाण्याचा तांब्या आणि दोन पेले गाद्यांच्या मधे आणून ठेवले. स्वतः एक पेला घेतला, डॉक्टरांनी सांगितला तेवढा. लाभुबेननी आपला पेला दोन्ही हातांत धरला, अंधारात जरा वेळ नुसता धरून ठेवला, आणि मग एका दमात रिकामा केला.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या.

"उद्या खिडकीजवळच्या परातीतलं आणतो."

लाभुबेननी पेला पुन्हा पुढं केला. अमुलखभाईंनी ओतलं. मग आणखी एकदा. कोणाच्या घरी किती पाणी जातं हे सांगू शकणारा तो माणूस तांब्या हातात धरून बसला होता, आणि त्यानं मोजलं नाही.